दप्तराची पोच

सलग तीन दिवस पेन्सिल ग्रंथालयात आली नाही, तेव्हा मी पायात चपला सरकवल्या आणि तिच्या घराकडे निघाले.

पेन्सिल म्हणजे आमच्या गल्लीतल्या बाइंडरची मुलगी. वय अकरा, अंगानं काडी, आणि बापासारखी कानामागे सदा पेन्सिल खोचलेली. तिचं खरं नाव फक्त हजेरीपटाला ठाऊक. मी शाळेतून निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली, पण ग्रंथालयाच्या खोलीची किल्ली कुणी परत मागितली नाही आणि मीही दिली नाही. रोज मधल्या सुट्टीत पेन्सिल तिथे यायची. कोणत्या पुस्तकाची शिवण सैल झालीय, कुणाचं पान निसटायला आलंय, हे ती बोटांनी चाचपून सांगायची. मग फाटकी पुस्तकं छातीशी धरून बापाकडे न्यायची. असली मुलगी तापानं फणफणली असती तरी निरोप धाडल्याशिवाय राहिली नसती.

बाइंडरचं दुकान पुढे, घर मागे. शटर कमरेइतकंच वर होतं. वाकून आत शिरले. पुठ्ठ्यांचे गठ्ठे होते, पुस्तकं दाबायच्या यंत्राचं लोखंडी चाक होतं, सगळं जागच्या जागी होतं. फक्त खळीचा वाडगा वाळून तडकला होता. वीस वर्षांत तो वाडगा मी कधी कोरडा पाहिला नव्हता.

मधल्या दारात स्टुलावर पेन्सिल बसली होती. रस्त्याकडे पाठ, घराकडे तोंड. मांडीवर वही, पण पान कोरं.

"काय गं, शाळेनं तुला काढून टाकलं की तू शाळेला?"

"हळू बोला, बाई. बाबा झोपलेत."

"मग झोपू देत त्यांना. तू चल."

"मला नाही येता येणार. माझं लक्ष आहे त्यांच्यावर."

आत पलंगावर बाइंडर भिंतीकडे तोंड करून पडला होता. झोपलेला नव्हता. झोपलेल्या माणसाच्या पायाचा अंगठा असा हलत नाही.

बसायला जागा करावी म्हणून मी स्टुलाशेजारचं दप्तर उचलायला गेले, आणि माझा हात खाली ओढला गेला. आत काहीतरी खणखणलं. मुलांची दप्तरं उचलण्यात माझा जन्म गेला. पुस्तकांचं वजन हाताला कळतं. हे पुस्तकांचं नव्हतं.

"उघडू?" मी विचारलं.

तिनं आधी बापाकडे पाहिलं, मग स्वतःच बक्कल सोडलं. आत तिचा जुना स्वेटर गुंडाळलेला होता. स्वेटरात बाइंडरच्या दोन सुऱ्या, मोठी कातर आणि भोकं पाडायचा टोच्या.

"आणि पुस्तकं कुठायत?"

"पलंगाखाली. दोन्ही मावत नाहीत."

मी तिच्याजवळ जमिनीवर बसले. तिनं माझ्या कानाशी येऊन सांगितलं, अगदी धडा म्हणून दाखवावा तसं. "रविवारी बाबा आईला म्हणाले, मी नसलो तर तुमचं सोपं होईल. मला वाटलं, कुठे गावाला चाललेत. मग आई रडायला लागली, तेव्हा मला कळलं."

"आणि मग तू हे भरून घेतलंस."

"हो. आता हे सोडून कुठे जायचं?"

प्रश्न बरोबर होता. तिच्या वयाच्या मुलीला पडायला नको होता, एवढंच.

मी उठून आत गेले आणि पलंगाजवळची खुर्ची ओढली. बाइंडर तिसरीत माझ्या वर्गात होता. सगळ्या वर्गाच्या वह्यांना कव्हरं घालून द्यायचा आणि त्या नादात स्वतःचा गृहपाठ विसरायचा. त्यामुळे आमच्यात फारशी औपचारिकता नव्हती.

"जागा आहेस, मला माहीत आहे," मी म्हटलं. "एक विचारते, सरळ उत्तर दे. जीव द्यावासा वाटतो का तुला?"

मुलांना शिकवताना मी एक शिकले. अवघड प्रश्न आडवळणानं विचारला की उत्तरही आडवळणानंच येतं. मी घाई केली नाही. फळ्यासमोर अडलेल्या मुलाला वेळ द्यायचा असतो.

"हो, बाई," तो भिंतीला म्हणाला. "दोन महिने झाले. आधी नुसती झोप जायची. मग पुस्तक हातात घेतलं की कुठून सुरुवात करायची तेच सुचेना. वीस वर्षं केलेलं काम. आता वाटतं, मी म्हणजे यांच्या गळ्यातली धोंड आहे."

"सांगितलंस ते फार बरं केलंस. आता हे तुझ्या एकट्याकडे राहिलं नाही."

तेवढ्यात शटर खडखडलं. बेकरीवाली मावशी आत आली. तिची बेकरी समोरच, आणि अर्ध्या शटरखालून मला वाकून जाताना पाहून ती गप्प बसणं शक्यच नव्हतं. तिच्या मागोमाग पेन्सिलची आई आली. लॉन्ड्रीतली पाळी संपवून नुकतीच परतलेली, हात पाण्यानं सुरकुतलेले. आम्हाला पाहून ती दारातच थबकली. मी तिला थोडक्यात सांगितलं. ती काही नाकारायला गेली नाही, फक्त पदर तोंडाशी धरून म्हणाली, "बाई, जरा हळू बोला. लोक काय म्हणतील?"

"लोक म्हणजे कोण गं?" मावशी म्हणाली. तिला हळू बोलता येत नाही. "या गल्लीत मी, या बाई आणि पलीकडचा तो बूटवाला. झाले की लोक! आणि लोक म्हणताहेत, दवाखान्यात चल. आत्ता. माझी गाडी रिकामीच आहे."

अशा रीतीनं आमचा बाइंडर पावाच्या गाडीतून, रिकाम्या ट्रेंशेजारी बसून, मनाच्या आजाराच्या डॉक्टरांकडे गेला.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्या आधी त्याच्याशी एकट्याशी तासभर बोलल्या, मग त्यांनी आम्हाला आत बोलावलं. "हा आळस नाही, भित्रेपणा नाही, आजार आहे," त्या म्हणाल्या. "औषध आज सुरू होईल, पण त्याचा गुण यायला तीन-चार आठवडे जातील. तोवर यांना एकटं सोडायचं नाही. धारदार वस्तू घरात नकोत. आणि फार वाटलं तर हा फोन, दिवसा, रात्री, कधीही. घरी माणसं आहेत का?"

"माणसं?" मावशी म्हणाली. "एवढीच तर आहेत आमच्याकडे."

"मग ठीक आहे. नसती तर मी आजच दाखल करून घेतलं असतं."

परत येताना मी मनातल्या मनात आखणी करत होते. डोळ्यांत तेल घालून राखण करायची तर ती शिस्तीत झाली पाहिजे, आणि शिस्तीचं काम निघालं की माझ्यात दहा वर्षांचं बळ येतं. बाइंडरच्याच दुकानातला एक पुठ्ठा घेतला, लाल-निळ्या पेन्सिलनं रकाने आखले आणि वेळापत्रक तयार केलं. पेन्सिलची आई सकाळी सातला जाते, तीनला येते. बाकीचा वेळ ती स्वतः. म्हणजे प्रश्न सात ते तीनचा. पहिला तास मावशीचा, कारण तिची भट्टी पहाटेच उरकते. साडेआठपासून बूटवाला. अकरापासून मी. एक वाजता शेवटचा तास पुन्हा मावशीचा. चार बाजूंना फुलांची वेल काढली आणि पुठ्ठा बेकरीच्या आतल्या दाराला टांगला, म्हणजे गिऱ्हाइकांनी वाचायला नको.

मावशी लांब उभी राहून बघत म्हणाली, "बाई, परीक्षा कधी आहे?"

हत्यारांचंही मी विचारलं होतं. पेन्सिल म्हणाली, "आईनं लॉन्ड्रीत नेऊन ठेवलीत." मी निश्चिंत झाले. आणि शाळा? "उद्यापासून," ती म्हणाली.

पहिले चार-पाच दिवस यंत्रासारखे गेले. मावशी सकाळी गरम पाव घेऊन यायची आणि तो अर्धा खाईपर्यंत स्वतःच्या नवऱ्याच्या घोरण्याच्या गोष्टी सांगायची. बूटवाला स्वभावानं मुखदुर्बळ. तो खुर्चीत बसून छताकडे पाहायचा आणि दर दहा मिनिटांनी म्हणायचा, "बाकी?" बाइंडर म्हणायचा, "बाकी काही नाही." दोन तास असे जायचे. मी जायचे तेव्हा वर्तमानपत्र वाचून दाखवायचे. पाचव्या दिवशी मी चष्मा पुसत असताना बाइंडर पलंगावरून म्हणाला, "बाई, आता कोणता तास? गणित की भाषा?"

टोमणा मला बरोबर बसला. पण आनंदही झाला. टोमणा मारायला आत थोडी धुगधुगी लागते.

"का, कंटाळा आला?"

"सगळे इतकं जपून बोलतात, की मीच काचेचा असल्यासारखं वाटतं. बूटवाला तर श्वाससुद्धा मोजून घेतो."

आणि पेन्सिल? ती शाळेत गेलीच नव्हती. रोज "उद्यापासून". आम्ही असलो की मागच्या ओट्यावर बसून गणितं सोडवायची, पण दप्तर कायम खांद्याला. आम्हाला वाटायचं, निदान तयारीत तरी आहे. मी रागावून पाहिलं, समजावून पाहिलं. एकदा ती म्हणाली, "बाई, तुमच्या वेळापत्रकात एक चूक आहे."

चाळीस वर्षं वेळापत्रकं आखणाऱ्या बाईला हे सांगणं म्हणजे माशाला पोहायला शिकवणं. मी हसून म्हटलं, "असेल हं. तू आधी शाळेत तर जा."

मुलं एकदाच सांगतात. आपण ऐकलं नाही, की ती स्वतःच काय ते करायला लागतात. इतकी मुलं हाताखालून गेली तरी हे मी त्या दिवशी विसरले.

नवव्या दिवशी अकराला दहा कमी असताना मी घरून निघाले, तर पेन्सिल समोरून धावत येत होती.

"बाबा नाहीत! मी मागे नळावर गेले होते, तांब्या भरायला, तेवढ्यात..."

"बूटकाका कुठायत?"

"ते साडेदहालाच जातात, बाई. रोजच. तुम्ही अकराला येता. मधे मीच असते."

मी तशीच बेकरीत शिरले. मावशी पीठ झाडत बाहेर आली. "मधे? मधे तुम्ही असता ना? मला वाटलं तुम्ही."

आम्ही दोघींनी पुठ्ठ्याकडे पाहिलं. साडेदहा ते अकरा या रकान्यात, माझ्याच वळणदार अक्षरात, लाल पेन्सिलनं लिहिलं होतं: मधली सुट्टी.

हात चाळीस वर्षांच्या सवयीनं चालला होता. दुसरा तास संपला की मधली सुट्टी, यात विचार करण्यासारखं काय असतं? बूटवाल्याला वाटलं, सुट्टीत बाई असतील. मावशीलाही तेच वाटलं. आणि मी तर ती सुट्टी घरी बसून चहा पिण्यात घालवत होते. आठ दिवस, रोज अर्धा तास, त्या घराची राखण एकटी अकरा वर्षांची पोर करत होती.

रडायला वेळ नव्हता. मावशी बसथांब्याकडे पळाली. मी पेन्सिलचा हात धरून गल्लीच्या दुसऱ्या टोकाला निघाले, जीव मुठीत धरून. ती माझ्या पुढे ओढत होती, आणि तिच्या खांद्यावर ते दप्तर दर पावलाला खणखणत होतं. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला, की हत्यारं लॉन्ड्रीत नव्हती. पुढे कळलं की आईला तिनं सांगितलं होतं, बाईंकडे दिलीत.

बूटवाल्याच्या दुकानासमोर ती एकदम थांबली. आतून आवाज येत होता. भांडणाचा. आणि भांडणाऱ्यांत एक आवाज तिच्या बापाचा होता.

"अरे, हे पुस्तक आहे की गमबूट?"

"शिवलंय ना पण? एक टाका हलवून दाखव. दाखवच!"

"टाका नाही हलत, पण पुस्तकही नाही उघडत! हे बघ. उघड. उघडून दाखव मला!"

आत बाइंडर उभा होता. घरच्या लेंग्यावर, पायात काही नाही, दाढी वाढलेली. दोन्ही हातांत शाळेचा नकाशांचा मोठा खंड धरून तो बूटवाल्याच्या नाकासमोर हलवत होता. तो खंड मीच दोन महिन्यांपूर्वी त्याच्याकडे बांधायला दिला होता, आणि आठ दिवसांपूर्वी बूटवाला तो आपणहून उचलून घेऊन गेला होता. बाइंडरच्या डोक्यावरचा भार तेवढाच कमी, म्हणून. शिवायचंच आहे ना, मग मी आयुष्यभर दुसरं काय केलं, असं त्याचं म्हणणं. त्यानं मेण लावलेला जाड दोरा घेतला, बुटाचा तळ शिवतात तसे दुहेरी टाके घातले आणि वरून हातोडीनं ठोकून सपाट केले. पुस्तक इतकं पक्कं झालं, की दोन हातांनी जोर लावला तरी चार बोटांपलीकडे उघडत नव्हतं.

"अर्धा समुद्र गिळलास तू शिवणीत," बाइंडर म्हणाला. "बेटंच्या बेटं गेली आत!"

"पण आत पाणी शिरणार नाही, याची हमी देतो," बूटवाला म्हणाला. नऊ दिवसांत त्याच्या तोंडून निघालेलं हे सगळ्यांत लांब वाक्य.

बाइंडर हसला नाही. पण त्याच्या तोंडाची एक बाजू हलली, आणि ती मी पाहिली.

"काल-परवापासून ऐकतोय," तो आमच्याकडे वळून म्हणाला, जणू आम्ही तिथे असणारच होतो. "चामड्यावर हातोडी पडली की आवाज वेगळा, कागदावर पडली की वेगळा. म्हटलं, हा गाढव पुस्तकाला ठोकतोय. शेवटी राहवलं नाही."

मग त्याचं पेन्सिलकडे लक्ष गेलं. तिला धाप लागली होती.

"शाळेतून आलीस?"

तिनं मान हलवली. नाही.

"मग दप्तर कशाला?"

तिनं पट्टा घट्ट धरला. तो दोन पावलं पुढे आला आणि त्यानं दप्तराला खालून हात लावला, वजन बघावं तसा. मी सांगितलंच, पुस्तकांचं वजन हाताला कळतं. आणि हा तर बाइंडर. त्याचा चेहरा बदलला. त्यानं ते तिच्या खांद्यावरून हळूच उतरवलं, बाकावर ठेवलं आणि उघडलं. बूटवाला जागचा उठला. मीही एक पाऊल पुढे झाले.

बाइंडरनं स्वेटराची एक घडी बाजूला केली, आत काय आहे ते पाहिलं आणि घडी पुन्हा नीट घातली. कशालाही हात लावला नाही.

"किती दिवस हे वागवतेयस?"

"बारा."

"रोज?"

"झोपताना उशाशी घेते."

तो बाकावर बसला, दप्तराशेजारी. मग बक्कल लावलं, दप्तर उचललं आणि माझ्या हातात दिलं. "बाई, हे तुमच्या कपाटात ठेवा. कुलूप लावा. डॉक्टर म्हणतील तेव्हा परत द्या. मी मागितलं तरी देऊ नका."

"नाही देणार."

"आणि हिला पोच द्या. लेखी. नाहीतर ही तुमच्या दारात जाऊन बसेल."

बूटवाल्यानं पावतीपुस्तकाच्या मागचं पान फाडून दिलं. मी लिहिलं: सुरी दोन, कातर एक, टोच्या एक, मिळाले. खाली सही. पेन्सिलनं कागद उजेडात धरून वाचला, कानामागची पेन्सिल काढली आणि म्हणाली, "तारीख राहिली." मी तारीख घातली.

मग ती बापासमोर उभी राहिली. "तुम्ही बरे झालात?"

मोठी माणसं अशा वेळी खोटं बोलतात. मी स्वतः बोलले असते.

"नाही," तो म्हणाला. "अजून नाही झालो. आज जरा बरं आहे, उद्या असेल की नाही माहीत नाही. पण फार वाटायला लागलं तर मी सांगेन. नुसता पडून राहणार नाही. एवढं कबूल."

"कुणाला सांगाल?"

"ज्याचा तास असेल त्याला."

"आणि मधल्या सुट्टीत?"

बाइंडरनं माझ्याकडे पाहिलं. मी पुठ्ठ्याची हकीकत सांगितली. लपवण्यासारखं होतंही काय? बूटवाला कपाळावर हात मारून म्हणाला, "मधली सुट्टी! बाई, घंटा तेवढी द्यायची राहिली." आणि या वेळी बाइंडर हसला. थोडंसं. गंजलेल्या बिजागरीसारखा आवाज झाला, पण हसला.

मावशी तेवढ्यात घामाघूम होऊन दारात आली, सगळ्यांना एका जागी पाहिलं आणि पिठाच्या हातांनी बाइंडरच्या पाठीत एक दणका घातला. जपून बोलण्याचे दिवस तिथे संपले.

त्या दुपारी पेन्सिलनं बेकरीत स्टुलावर चढून माझं वेळापत्रक तपासलं. मधली सुट्टी लाल पेन्सिलनं खोडली आणि तिथे लिहिलं, बूटकाकांचं दुकान. म्हणजे साडेदहाला बूटवाल्यानं एकट्यानं निघायचं नाही, बाबांना सोबत घेऊन जायचं, आणि अकराला मी त्यांना तिथून आणायचं. खाली समासात मला दहापैकी सहा गुण दिले. मी तक्रार केली नाही. शुद्धलेखनाचे तेवढे मिळाले असावेत.

दुसऱ्या दिवशी ती शाळेत गेली. दप्तरात पुस्तकं, पुस्तकांच्या आत पोच. पण मधल्या सुट्टीची घंटा झाली की धावत घरी यायची, बूटवाल्याच्या दारातून डोकावायची आणि परत पळायची. कुणी तिला अडवलं नाही. विश्वास काही पाढे नव्हेत, घोकून यायला.

पुढचे आठवडे सरळ रेषेत गेले नाहीत. तिसऱ्या आठवड्यात बाइंडर दोन दिवस पुन्हा भिंतीकडे वळला. मावशीनं आणलेल्या पावाकडे पाहिलंही नाही. पण दुसऱ्या दिवशी सकाळी तो तिला म्हणाला, "मावशी, आज बरं नाही. मागे वाटायचं तसं वाटतंय. मला एकट्याला सोडू नका." मावशीनं मागचापुढचा विचार केला नाही. त्या फोनवर डॉक्टरांना गाठलं, गाडी काढली, बेकरीला दुपारपर्यंत कुलूप. डॉक्टरीणबाईंनी औषध बदललं आणि म्हणाल्या, "यांनी स्वतः सांगितलं ना? मग आपण पुढेच आहोत." मला ते वाक्य फार आवडलं. ते मी पेन्सिलच्या आईला दोनदा सांगितलं. ती आता लॉन्ड्रीत कुणी विचारलं तर सरळ सांगते, नवरा आजारी आहे, मनाचा आजार आहे, औषध चालू आहे. विचारणाऱ्यांतल्या दोघींनी तिच्याकडून डॉक्टरांचा पत्ता घेतला.

बूटवाल्याच्या दुकानात एक बाक आहे. रोज अर्धा तास बाइंडर त्या बाकावर बसायचा आणि बूटवाला मेण लावलेले टाके एकेक करून कापून काढायचा. कापायचं काम बूटवाल्याचं, सूचना बाइंडरच्या. "ओढू नकोस. कागद आहे तो, म्हशीचं कातडं नाही." "बरं." "आणि पुन्हा शिवताना एवढं आवळायचं नाही. पुस्तकाला उघडायला जागा ठेवावी लागते." "बुटाला नाही लागत." "म्हणून तू बूट शिव." दोघांचं छान जमलं. बूटवाला आता "बाकी?" विचारत नाही.

दोन महिन्यांनी डॉक्टरांनी हत्यारं परत द्यायची परवानगी दिली, तीही एकदम नाही. आधी टोच्या. पंधरा दिवसांनी कातर. प्रत्येक वेळी पेन्सिल पोच घेऊन माझ्याकडे यायची, परत मिळालेल्या वस्तूपुढे खूण करायची आणि मला सही करायला लावायची. सुऱ्या अजून माझ्या कपाटात आहेत. कुणालाही घाई नाही. पुठ्ठे कापायचे असले की बाइंडर माझ्याकडे येऊन, माझ्या टेबलावर कापतो. मी समोर बसून पेपर वाचते.

आता मला जे सांगायचं आहे ते मागच्या मंगळवारचं आहे.

नकाशांचा खंड बाइंडरनं स्वतः बांधून शाळेत आणून दिला होता. मी तो ग्रंथालयाच्या टेबलावर उघडून ठेवला. सपाट उघडला, एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत. सगळी बेटं परत आली होती. म्हटलं, मधल्या सुट्टीत पेन्सिलला दाखवू. घरी डोकावून आली की तिला हाक मारू.

घंटा झाली. मी खिडकीशी उभी राहिले. फाटकाकडे नजर लावून. पोरं भराभर बाहेर पडली. पेन्सिल आली आणि फाटकाकडे चार पावलं गेलीही. तेवढ्यात कुणीतरी खडूनं जमिनीवर आखलेल्या चौकटींवरून भांडण काढलं, रेषेवर पाय पडला की नाही पडला. पेन्सिल न्याय करायला थांबली. न्याय कुणाला पटेना. मग तिनं स्वतःच एका पायावर उड्या मारून दाखवायला सुरुवात केली, वेणी उडते आहे, कानामागची पेन्सिल दोनदा पडली, दोनदा उचलली. मी घड्याळाकडे पाहिलं. दहा मिनिटं गेली. मग पंधरा. मग सुट्टी संपल्याची घंटा झाली आणि सगळी पोरं वर्गाकडे पळाली, तीही.

फाटकापर्यंत ती गेली नव्हती. ग्रंथालयातही आली नव्हती. दोन्ही ती साफ विसरली होती.

मी नकाशांचा खंड मिटला, कपाटात ठेवला आणि कुलूप लावलं. घरी जाताना बूटवाल्याच्या दारात थांबून बाइंडरला विचारलं. "आज मधल्या सुट्टीत ती आली नाही ना?"

"नाही." त्यानं मान वर केली. त्याच्या हातात शिवायचं पुस्तक होतं. "काय झालं? बरी आहे ना?"

"लंगडी घालत होती," मी म्हटलं.

तो एवढंच म्हणाला, "अस्सं?" आणि पुन्हा सुईत दोरा ओवायला लागला. पहिल्याच प्रयत्नात ओवला.